सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हरच्या स्प्रिंगा घरी बदलताना

सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर ओढल्याने हॅमर, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, मागे जात नाही. तो प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि ट्रिगरचे काम ताणलेला हॅमर सोडून देण्यापुरतेच असते. १८७३ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी हे या जातीचे सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर होय. आज नव्या हौशी नेमबाजाच्या हाती मात्र बहुधा त्याच रचनेवर इटलीत तयार होणारे उबेर्ती कंपनीचे कॅटलमन येते, आणि म्हणून हा लेख मी त्यालाच समोर ठेवून लिहीत आहे. रूगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांची आतली रचना निराळी असल्यामुळे त्यांच्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

प्रथम कायद्याविषयी, कारण आपले मराठी वाचक अनेक देशांत आहेत. अमेरिकेत स्वतःच्या मालकीच्या शस्त्राची अशी साधी दुरुस्ती स्वतः करण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, तरी आपल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत. दुसऱ्यांची शस्त्रे व्यवसाय म्हणून दुरुस्त करायची असतील तर परवाना लागतो. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे, की केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर असताना, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर शस्त्र वा काडतुसे बाळगणे हाच गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना हे बंधन लागू नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करण्यासाठीही वेगळा परवाना लागतो. त्यामुळे महाराष्ट्रात वा गोव्यात ज्यांच्याकडे परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी ते परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. पुढील मजकूर अमेरिकेतील वाचकांसाठी आहे.

स्प्रिंगा बदलण्याची गरज दोन कारणांनी पडते. कारखान्यातून आलेली मुख्य स्प्रिंग बरीच ताठ असते, आणि काउबॉय पद्धतीच्या स्पर्धेत दिवसभरात पन्नास-साठ वेळा हॅमर ओढावा लागला, की अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागते. दुसरे कारण मोडतोडीचे आहे. जुन्या रचनेतील चपट्या पट्टीच्या स्प्रिंगा वारंवार वाकून शेवटी थकतात, आणि त्यांतली ट्रिगरची स्प्रिंग तर दोन पायांच्या बेचक्यातच तुटते. ती तुटली की रिव्हॉल्व्हर जागच्या जागी निकामी होते. त्यामुळे जे लोक सराव करतात त्यांच्या पेटीत एक जादा स्प्रिंग असतेच.

आत काय काय आहे

कोल्ट रचनेत महत्त्वाच्या स्प्रिंगा तीन. पहिली मेनस्प्रिंग, म्हणजे वर उल्लेखलेली मुख्य स्प्रिंग: मुठीच्या आत उभी असलेली रुंद, चपटी पट्टी. तिचे खालचे टोक एका स्क्रूने मुठीच्या पुढच्या पट्टीला जखडलेले असते आणि वरचे टोक हॅमरच्या मागच्या बाजूस टेकलेले असते. हॅमर मागे ओढताना जो जोर लागतो, तो प्रामुख्याने हिचा. काडतुसाच्या बुडातील प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, आघात होतो तोही हिच्याच बळावर.

दुसरी ट्रिगर व बोल्ट यांची सामाईक स्प्रिंग. ही दुपायी असते. तिचा एक पाय ट्रिगरला हॅमरच्या खाचांकडे दाबून धरतो, तर दुसरा बोल्टला वर रेटतो. बोल्ट म्हणजे फ्रेमच्या तळातून वर येणारा तो लहानसा खिट्टीसारखा भाग, जो सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या नळकांड्याच्या, बाहेरच्या खाचेत बसून गोळीचे घर नळीच्या बरोबर रेषेत पक्के धरतो. हॅमर मागे जाऊ लागताच त्यावरील उंचवटा बोल्टची शेपटी उचलतो, खिट्टी खाली उतरते, सिलिंडर फिरू लागतो. आणि हॅमर पूर्ण मागे येण्याच्या बेतात असताना शेपटी त्या उंचवट्यावरून निसटून खिट्टी टपकन पुढच्या खाचेत बसते. ही चाल एकदा मनात बसली, की ही स्प्रिंग फार मऊ का करू नये तेही कळते: बोल्टला वर रेटणारा जोर अपुरा पडला आणि हॅमर झटक्याने ओढला, तर खिट्टी बसण्याआधीच खाच पुढे निघून जाते आणि सिलिंडर हवा त्याहून जास्त फिरतो.

तिसरी स्प्रिंग सिलिंडर फिरवणाऱ्या हॅण्ड नावाच्या भागाची. ती त्या भागाच्या फटीत ठोकून बसवलेली असते आणि तिच्यासाठी हॅमर बाहेर काढावा लागतो. नवशिक्याने पहिल्या खेपेस तिच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या दोन स्प्रिंगांसाठी हॅमर, ट्रिगर वा बोल्ट यांपैकी एकाचाही स्क्रू काढावा लागत नाही, आणि हे काम घरी करता येते असे मी म्हणतो ते त्याच मर्यादेत.

काय विकत घ्यावे आणि काय हाताशी ठेवावे

कमी ताठ मेनस्प्रिंग आणि तारेची दुपायी ट्रिगर-बोल्ट स्प्रिंग या वूल्फसारख्या कंपन्यांकडे तयार मिळतात. चपट्या स्प्रिंगपेक्षा तारेची स्प्रिंग सहसा जास्त टिकते आणि तिचा जोरही सौम्य असतो. मूळची स्प्रिंग कानशीने घासून पातळ करण्याचा जुना प्रकार अजूनही सुचवला जातो, पण नवशिक्याने तो करू नये. पट्टीवर आडवा ओरखडा राहिला तर पुढे तिथूनच तडा सुरू होतो. मेनस्प्रिंगचा जोर थोडासाच कमी करायचा असेल, तर तिच्या बुडाशी, स्क्रूखाली, पातळ कातड्याचा वॉशर घालण्याची जुनी युक्ती अधिक निर्धोक आहे, कारण तो वॉशर काढला की सगळे पूर्ववत होते.

हत्यारांत खरे महत्त्व स्क्रूड्रायव्हरला आहे. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते असते, त्यामुळे ते स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या काठांवर टेकते आणि जोर लावताच वर सरकून खाचेचे काठ फाडते. बंदुकीच्या कामाच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते दोन्ही बाजूंनी समांतर असते. ते खाचेच्या तळापर्यंत जाते आणि तिची पूर्ण रुंदी भरून काढते. उबेर्तीचे स्क्रू मऊ धातूचे आहेत. पहिल्या वेळी मी स्वयंपाकघरातल्या खणातला स्क्रूड्रायव्हर वापरला आणि मुठीच्या बुडाच्या स्क्रूची खाच अशी फाटली, की तिचा वर आलेला धारदार काठ पुढे कित्येक दिवस तळहाताला बोचत होता; अखेर तो स्क्रूच बदलावा लागला. म्हणून अदलाबदलीच्या पात्यांचा चांगला संच आधी घ्यावा, स्प्रिंगा नंतर मागवाव्यात.

त्याखेरीज डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा, गंज सोडवणारे पातळ तेल, निळे थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणारा द्रव), एक जुना पांढरा टॉवेल आणि काठ असलेले स्टीलचे ताट एवढे पुरे. ताट यासाठी, की निसटलेला स्क्रू त्याच्या काठाला अडतो आणि पडल्याचा आवाजही होतो. एका पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची बाह्यरेषा काढून, प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्या जागी टोचून ठेवावा, कारण दिसायला सारख्या स्क्रूंची लांबी वेगळी असू शकते. फोनने प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घ्यावे. विशेषतः दुपायी स्प्रिंगचे पाय नेमके कुठे टेकलेत त्याचे, अगदी जवळून.

रिकामे करणे

कामाच्या खोलीत एकही काडतूस असता कामा नये. रिव्हॉल्व्हर रिकामे करण्याचे काम त्या खोलीत येण्यापूर्वीच करावे आणि काडतुसांचा डबा दुसरीकडे कुलपात ठेवावा.

नळी सुरक्षित दिशेला धरून हॅमर हलकेच ओढावा. पहिला टिक आवाज सेफ्टीच्या खाचेचा, दुसरा हाफ-कॉकचा, म्हणजे हॅमर अर्धवट मागे थांबतो त्या खाचेचा. हाफ-कॉकवर थांबून उजव्या बाजूची भरण्याची झडप उघडावी आणि सिलिंडर एकेक घर फिरवत सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत, मग पुन्हा एक फेरा करून करंगळीच्या टोकाने चाचपावीत. पाहिले आहे असे वाटणे आणि पाहिलेले असणे यांत फरक आहे, म्हणून दुसरा फेरा टाळू नये.

त्यानंतर फ्रेमच्या पुढच्या बाजूचे आडवे बटण दाबून बेस पिन, म्हणजे सिलिंडरचा आस, पुढे ओढून काढावा. सिलिंडर उजवीकडे हातात घ्यावा. सिलिंडर वेगळा झाला की हे शस्त्र गोळी उडवूच शकत नाही, आणि पुढचे सर्व काम त्याच अवस्थेत करायचे आहे. त्या लांब पिनवर दोन खाचा दिसतात का तेही पाहून ठेवावे. त्याचे कारण जोडणीच्या वेळी येईल.

मेनस्प्रिंग काढणे

हॅमर आधी अंगठ्याने पूर्ण मागे ओढून पक्का धरून, ट्रिगर दाबून, त्याला अलगद पूर्ण पुढे आणावे. असे केल्याने मेनस्प्रिंगवरचा ताण सर्वांत कमी होतो. थोडा ताण तरीही उरतो, म्हणून चष्मा आताच चढवावा.

मुठीची मागची पट्टी तीन स्क्रूंवर असते: दोन वर, हॅमरच्या दोन्ही बाजूंना, आणि एक मुठीच्या बुडाशी. रिव्हॉल्व्हर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवावे, पाते खाचेत सरळ उभे रोवावे, तळहाताचा भार वरून द्यावा आणि मगच फिरवावे. स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवू नये. तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी तो बहुधा मुकाट्याने सुटतो. तिन्ही स्क्रू निघाले की मागची पट्टी लाकडी मुठीसह मागे व खाली सरकवून काढता येते. मूठ ओढताना वाकडी करू नये. तिच्या वरच्या पातळ कडा चटकन तडकतात.

आता मेनस्प्रिंग उघडी दिसते. तिच्या बुडाचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा करून सैल करावा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पट्टी दाबून धरावी. स्क्रू निघाल्यावर अंगठा हळूहळू सैल केला की पट्टी मोकळी होते आणि तिचे वरचे टोक हॅमरपासून बाजूला सरकवता येते. जुन्या व नव्या पट्ट्या शेजारी ठेवून लांबी, स्क्रूचे भोक आणि वरच्या टोकाचा आकार जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर नवी परत करावी. घासून जुळवू नये.

केवळ मेनस्प्रिंगच बदलायची असेल तर इथूनच उलट्या क्रमाने परतावे, आणि पहिल्या खेपेस असेच करावे असा माझा आग्रह आहे. दोन्ही स्प्रिंगा एकाच दिवशी बदलल्या आणि नंतर काही बिघडले, तर दोष कोणत्या स्प्रिंगचा ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

ट्रिगर आणि बोल्टची स्प्रिंग

या स्प्रिंगपर्यंत पोहोचण्यासाठी मेनस्प्रिंग काढल्यावर ट्रिगर गार्डही, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडीही, काढावा लागतो. तो तीन स्क्रूंनी बसवलेला असतो: एक पुढे खालून, दोन मागच्या बाजूला. गार्ड निघताच फ्रेमच्या तळाशी, एका स्क्रूखाली ती दुपायी स्प्रिंग दिसते. इथे हात थांबवून छायाचित्र घ्यावे.

तिचा स्क्रू काढताना पट्टी फार उसळत नाही, तरी बोट वर ठेवलेले बरे. नवी तारेची स्प्रिंग त्याच स्क्रूखाली बसते. स्क्रू आधी सैल लावून घ्यावा, मग लाकडी काडीने एक पाय ट्रिगरवरच्या आपल्या जागी आणि दुसरा बोल्टवर सरकवावा, आणि दोन्ही पाय घसरत नाहीत याची खात्री झाली की स्क्रू आवळावा. आवळताना तारेची स्प्रिंग स्क्रूबरोबर किंचित फिरू पाहते. त्यामुळे आवळून झाल्यावर पाय पुन्हा पाहावेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात बोल्टवरचा पाय असाच केसभर बाजूला गेला होता, आणि सगळी जोडणी झाल्यावर खिट्टी वर येईना म्हणून आठही स्क्रू पुन्हा खोलावे लागले. गार्ड लावण्यापूर्वी बोल्टचे डोके बोटाने खाली दाबून सोडावे; ते ठामपणे वर आले पाहिजे. ट्रिगरही दाबून सोडल्यावर तत्काळ परतला पाहिजे.

ट्रिगर हलका व्हावा म्हणून हॅमरच्या किंवा ट्रिगरच्या खाचांच्या कडा घासण्याचा मोह अनेकांना होतो. तो पूर्णपणे टाळावा. त्या कडांवर कडकपणाचा पातळ थर असतो. तो घासला गेला तर आतला मऊ धातू लवकर झिजतो आणि ताणलेला हॅमर एखाद्या दिवशी ट्रिगरला बोट न लावताच सुटतो. ट्रिगरचा जोर मोजण्याचे साधन मिळते; स्प्रिंग बदलण्याआधी व नंतर मोजून पाहावे, आणि तीन पौंडांच्या, म्हणजे साधारण १.३६ किलोच्या, खाली तो गेला तर नवशिक्याने मूळची स्प्रिंगच परत लावावी असे माझे मत आहे.

जोडणी

गार्ड, मेनस्प्रिंग, मूठ आणि मागची पट्टी हा जोडणीचा क्रम आहे. प्रत्येक स्क्रू आधी बोटांनी फिरवून बसवावा. बोटांनी सुरू होत नसेल तर तो तिरका लागतो आहे असे समजून काढावा आणि पुन्हा लावावा. एका भागाचे सर्व स्क्रू सैल लागल्यावरच आळीपाळीने आवळावेत. मेनस्प्रिंगचे वरचे टोक आधी हॅमरवर टेकवून, बुडाशी अंगठ्याने दाबून भोके जुळवावीत. मागच्या पट्टीच्या स्क्रूंना थ्रेडलॉकरचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पुरतो. आतल्या फिरत्या भागांजवळ तो अजिबात वापरू नये.

सिलिंडर व बेस पिन परत बसवताना ती मघाची दोन खाचांची गोष्ट आठवावी. उबेर्तीच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत पिन दुसऱ्या खाचेपर्यंत खोल ढकलली, की तिचे मागचे टोक हॅमरला पूर्ण पुढे येऊ देत नाही; ही सुरक्षेची सोय म्हणून दिलेली आहे. नवशिक्या मात्र पिन शेवटपर्यंत ढकलतो, हॅमर अडलेला पाहतो आणि नव्या स्प्रिंगला दोष देत सगळे पुन्हा उघडतो.

चाचणी

हा भाग स्प्रिंगा बदलण्याहून महत्त्वाचा आहे आणि त्याला तितकाच वेळ द्यावा. रिव्हॉल्व्हर रिकामे, घरांत सरावाची खोटी काडतुसे.

हॅमर अगदी सावकाश ओढावा आणि आवाज मोजावेत. सेफ्टीची खाच, हाफ-कॉक, बोल्ट सिलिंडरच्या खाचेत बसल्याचा टिक, आणि पूर्ण कॉक असे चार आवाज आले पाहिजेत. शेवटचे दोन जवळजवळ लागोपाठ येतात. पूर्ण कॉकवर सिलिंडर हाताने हलवून पाहावा, तो जखडलेला असावा. हे सहाही घरांसाठी एकदा सावकाश आणि एकदा झपाट्याने करावे, कारण बोल्टची स्प्रिंग कमी पडत असेल तर ते झपाट्याने ओढल्यावरच उघड होते. नंतर हॅमर पूर्ण कॉकवर ठेवून, ट्रिगरला स्पर्श न करता, अंगठ्याने तो मागून पुढे चांगला रेटावा. तो सुटला, तर ते रिव्हॉल्व्हर त्याच क्षणी बाजूला ठेवून जाणत्या कारागिराकडे न्यावे. ही चाचणी पुढेही दर सफाईच्या वेळी करत जावी.

हाफ-कॉकवरून हॅमर थेट खाली सोडू नये. तसे केल्यास बोल्ट खाचांच्या मध्येच वर येऊन सिलिंडरवर गोल ओरखडा पाडतो. आधी पूर्ण कॉकपर्यंत न्यावा, मग धरून खाली आणावा.

रेंजवर पहिल्या खेपेस एकच काडतूस भरावे, मग दोन, मग पाच. कोल्ट रचनेत सहा भरत नाहीत: हॅमर खाली असताना त्याची पिन थेट काडतुसावर टेकते आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडले तर बार उडू शकतो. नव्या कॅटलमनमध्ये हॅमरची पिन आत सरकण्याची सोय आली आहे, तरी पाचांचीच सवय असू द्यावी. एक घर भरावे, पुढचे सोडावे, त्यापुढची चार भरावीत, हॅमर पूर्ण कॉक करून धरून खाली आणावा. तो रिकाम्या घरावर येतो.

बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे आणि मगच काडतूस काढावे. त्याच्या प्रायमरवरील खळगा नीट पाहावा. उडालेल्या काडतुसापेक्षा तो उथळ असेल तर मेनस्प्रिंग मऊ पडते आहे. सगळ्या बनावटींचे प्रायमर सारखे नसतात. फेडरलचे नेमबाजांत मऊ समजले जातात आणि सीसीआयचे कडक. मी घरी मऊ प्रायमरवर पारखलेली स्प्रिंग घेऊन स्पर्धेला गेलो, तिथे दुसऱ्या बनावटीची काडतुसे वापरली आणि दहांपैकी दोन उडाली नाहीत. तेव्हापासून आपण जी काडतुसे प्रत्यक्ष वापरणार त्यांचीच पन्नासची एक पेटी संपेपर्यंत मी नवी स्प्रिंग पास करत नाही. एकही बार चुकला तर एक पायरी ताठ स्प्रिंग लावावी. अंगठ्याला थोडे जास्त कष्ट पडले तरी चालतील. सराव संपल्यावर हात थंड पाणी व साबणाने धुवावेत; नळीतील व सिलिंडरमधील काजळीत शिसे असते.

रूगर असेल तर

रूगरच्या ब्लॅकहॉकमध्ये १९५५ पासून वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत आणि त्या क्वचितच तुटतात. मेनस्प्रिंग एका दांडीवर ओवलेली असते आणि त्या दांडीला खाली एक बारीक भोक असते. मूठ काढून, हॅमर पूर्ण कॉक करून त्या भोकात बारीक खिळा घालावा, मग हॅमर धरून खाली आणावा. स्प्रिंग दांडीवर दबलेली राहते आणि पुढे सुरक्षितपणे निघते. सुटी दांडी हातात असताना खिळा कधीही काढू नये, वेटोळे गोळीसारखे उडते. जुनी ताठ स्प्रिंग बदलताना दांडी मऊ पट्ट्या लावलेल्या शिकंज्यात धरूनच काम करावे. १९७३ पासूनच्या न्यू मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढलेला असतानाच हॅमरचा आघात पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) आल्यामुळे सहाही घरे भरता येतात. त्याआधीची रिव्हॉल्व्हरे असतील तर कंपनी सुरक्षेचे नवे भाग विनामूल्य बसवून देते, आणि स्प्रिंगांना हात लावण्याआधी तेच करून घ्यावे.

काढलेल्या मूळ स्प्रिंगा तेलाचा हात फिरवून एका लहान पिशवीत ठेवाव्यात. पिशवीवर रिव्हॉल्व्हरचा क्रमांक, बदलल्याची तारीख, आधीचा व नंतरचा ट्रिगरचा जोर आणि कोणत्या काडतुसांवर पारखले तेवढे लिहावे. पुढे कधी रिव्हॉल्व्हर विकले तर ती पिशवीही नव्या मालकाला द्यावी आणि आत कोणत्या स्प्रिंगा आहेत ते त्याला स्पष्ट सांगावे.